बोट वर, बोट खाली

एकतीस वर्षं ताइस्तो लोखंडाचे पत्रे ठोकत होता
राउमाच्या गोदीत.
त्याचे कान तिथंच राहून गेले,
एका बर्फफोड्या जहाजाच्या पोटात,
आणि ते जहाज आता
कुठल्या पाण्यात आहे कोण जाणे.

परवा टपालानं तबकडी आली.
पाकिटावर तीन नावं, बारीक अक्षरांत:
पियानोवर सिड्सल, डेन्मार्कची.
बासवर गुंदार्स, रीगाचा.
आणि शेवटी ड्रम्सवर ओत्सो, ह्याचा पोरगा.
वर चित्र म्हणाल तर एक शिडी,
बर्फात उभी, कशालाच न टेकलेली.
"कुणीतरी विसरून गेलं असणार," ताइस्तो म्हणाला.

त्याच्या घरी प्लेअर नाही.
तबकडी बगलेत मारून जिना चढला,
बुटांचा बर्फही झाडला नाही माझ्या दारात.
मी उशीवरची लेस बाजूला सारली,
बेचाळीस बॉबिनं, टाचण्या, सगळा संसार.

स्पीकर टेबलावर ठेवायला लावला त्यानं
आणि दोन्ही तळवे लाकडावर पसरले.
खर्ज त्याला हातांतून ऐकू येतो.
पियानो येतो, पण मधला मधला,
कडा कुरतडलेल्या पावासारखा.
ओत्सो मात्र ब्रशनं वाजवतो,
झांजेच्या काठाकाठानं, बारीक मीठ चाळावं तसं.
तो आवाज ताइस्तोपर्यंत पोचणं शक्यच नाही.
"आउने, तू सांग.
पोरगा वाजवायला लागला की बोट वर कर.
थांबला की खाली."

तर अशी मी, अडुसष्टाव्या वर्षी,
शाळेतल्या पोरीसारखी बोट वर करून बसले.

सिड्सल एक सूर ठेवते
आणि तो तापलाय का बघत राहते.
घाई नाही. दुसरा सूर येईल तेव्हा येईल.
गुंदार्स अंधारातला जिना उतरतो, पायऱ्या मोजत,
आणि खाली एक पायरी जास्तच निघते.
तिथं माझ्या पोटात खड्डा पडला.
ताइस्तोचे तळवेही दचकले.

बोट वर. खाली. परत वर.
बराच वेळ खाली.
"एवढंच?" तो म्हणाला.
"लहानपणी घर डोक्यावर घ्यायचा हा,
माझं एक पातेलं सपाट तळाचं ठेवलं नाही.
आणि आता पैसे मिळतात, तर वाजवत नाही!"
मी त्याला काय सांगणार?
भोक विणता येत नाही लेसमध्ये,
आजूबाजूचं विणायचं असतं.
पण हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं,
आणि हळू बोललेलं त्याला कळत नाही.

तिसऱ्या रचनेत, मध्यावर कुठंतरी,
पियानो गप्प झाला.
मीही बोट खाली घेतलं.
ताइस्तोनं मान हलवली.
"आहे तो."
"नाहीये," मी ओठ ताणून म्हटलं.
"आहे. हा लाटवियाचा माणूस बघ ना,
जरा अंग चोरून चाललाय.
अरुंद बोळात समोरून कुणी
भरलेली बादली घेऊन येत असलं
की आपण चालतो तसा."

मी कान स्पीकरला लावला.
आधी नुसती तबकडीची खरखर.
मग तिच्याही खाली, अगदी तळाशी,
कातड्यावर फिरणारा तळहात. ब्रशही नव्हे.
कोरडा, गोल गोल,
जणू कुणी टेबलावरची साखर गोळा करतंय.

मी बोट वर केलं.
माझ्याकडे त्यानं पाहिलंच नाही.

बाजू संपली, सुई काठावर टकटकत राहिली.
ताइस्तो तसाच, तळवे टेबलावर,
आणि ती टकटकही त्याला पोरगाच वाटत असावा,
कारण तो हळूच म्हणाला,
"हे बरंय. हे कळतंय."

मी सुई उचलायला उठले होते.
बसले परत.